जुना घरचा सर्व्हर ओपनमीडियाव्हॉल्टवर हलवताना

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. डिस्क आणून देण्याआधी वाचावे, नंतर नव्हे.)

जुन्या सीपीयूवर उबुंटू किंवा डेबियन (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकून, सांबा (घरातल्या इतर कॉम्प्युटरना फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) लावून घरचे फोटो आणि पिक्चर ठेवणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. हौस असते तोवर ठीक चालतं. मग एक दिवस मुलीच्या नव्या लॅपटॉपला फोल्डर दिसत नाही, टर्मिनलमध्ये शिरायचा कंटाळा येतो आणि "ते ब्राउझरमध्ये उघडणारं काहीतरी टाकून द्या" अशी मागणी येते.

आम्ही बहुतेकांना ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवतो, म्हणजे ब्राउझरमधून चालवता येणारी घरच्या सर्व्हरची सिस्टिम. ते फुकट आहे, मुळात डेबियनच आहे, जुन्या मशीनवर कुरकुरत नाही आणि तुमची ईएक्सटी४ डिस्क आतल्या डेटासकट घेतं (ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत). ट्रूनॅस (अशीच दुसरी सिस्टिम) हवं असेल तर तेही टाकून देतो. पण त्याचा सगळा कारभार झेडएफएस या वेगळ्या फाइल सिस्टिमवर. किमान ८ जीबी रॅम लागते, शिवाय जुना डेटा आधी दुसरीकडे काढायचा, डिस्क मोकळी करायची आणि मग परत भरायचा. घरच्या वापराला एवढा खटाटोप का, हे आम्हीच विचारतो.

"डेटासकट घेतं" हे ऐकून काही मंडळी घरीच सुरुवात करतात. तिथे जे होतं ते नीट सांगतो, कारण आमचा निम्मा वेळ ते निस्तरण्यात जातो.

ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये 'फाइल सिस्टिम्स' नावाचं पान आहे. वर दोन बटणं दिसतात: अधिकचं चिन्ह आणि त्रिकोण. अधिक म्हणजे नवी फाइल सिस्टिम बनवा. त्रिकोण म्हणजे आहे ती माउंट करा, म्हणजे वापरायला जोडा. जुन्या डिस्कला फक्त त्रिकोण लागतो. पण सवयीने बोट अधिकवर जातं. तिथे डिस्क निवडायची यादी उघडते आणि ती रिकामी असते. रिकामी असते कारण डिस्कवर आधीच फाइल सिस्टिम आहे, म्हणजे सिस्टिम तुमचा डेटा सांभाळत असते. ग्राहकाला मात्र वाटतं डिस्क ओळखली जात नाही. तो गुगल करतो. तिथे कोणीतरी कोऱ्या डिस्कवाल्याला दिलेला सल्ला सापडतो: 'डिस्क्स' पानावर जा, 'वाइप' करा, मग यादीत येईल. आणि खरंच येते! बारा वर्षांचे फोटो गेलेले असतात, पण डिस्क यादीत आलेली असते.

असं झालंच असेल तर पुढे एकही बटण दाबू नका. मशीन बंद करा, डिस्क काढा आणि तशीच आणा. झटपट वाइपमध्ये मुख्यतः खुणा पुसल्या जातात, आतला मजकूर बराचसा जागेवर असू शकतो; त्यावर नवी फाइल सिस्टिम चढवली की काम अवघड होतं. 'सिक्युअर' पर्याय निवडून तो पूर्ण चालू दिला असेल तर आमच्याकडे येऊन उपयोग नाही. हे आधी सांगितलेलं बरं.

हाच घोटाळा विंडोजवरही होतो. लिनक्सची डिस्क यूएसबी केबलने विंडोजला लावली की "वापरण्याआधी फॉरमॅट करा" अशी चौकट येते. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. डिस्क खराब नाही. चौकट बंद करा.

म्हणून आमचा नियम आहे: दुसऱ्या डिस्कवर पूर्ण कॉपी असल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही. यावरून काउंटरवर वाद होतात. "तुम्हाला डिस्क विकायचीय" असंही ऐकून घेतलंय. विकायची आहेच, दुकान आहे. पण पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलीत तरी आमची हरकत नाही, कॉपी हवी. "मिरर आहे की" हे उत्तर चालत नाही. मिरर म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं. एका डिस्कवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं.

वेळेबद्दलही बोललं जातं. ४ टीबी डेटा गिगाबिट नेटवर्कवरून गेला तर साधारण दहा तास लागतात. तुमच्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर तोच डेटा चार दिवस घेतो. त्यामुळे आम्ही डिस्क थेट साटा केबलने जोडून रात्रभर कॉपी लावतो आणि सकाळी पडताळणी करतो. "एका तासात करून द्या" म्हणणाऱ्यांना नम्र नकार आहे. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल आम्ही काढून ठेवतो, कारण इन्स्टॉलर निवडलेली डिस्क अख्खी पुसतो. सिस्टिमसाठी वेगळी छोटी एसएसडी लागते. ती आमच्याकडे मिळते.

फोल्डर उघडत नाही, या तक्रारीचं कारण बहुधा युजरच्या नंबरात असतं. लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. जुन्या सर्व्हरवर पहिला युजर (समजा आई) १०००, दुसरा (मुलगा) १००१. नव्या सिस्टिमवर आधी मुलाचा युजर बनवलात, तर आईच्या फायली मुलाच्या नावावर दिसतात. त्याच क्रमाने युजर बनवा, किंवा जुनी यादी आणा, आम्ही बनवतो. वैतागून सगळ्याला ७७७ परमिशन देऊ नका. त्याने आजचं काम भागतं, पण मग घरातल्या कोणालाही काहीही पुसता येतं.

सांबाची फाइल हाताने बदलायची जुनी सवयही सोडा. ओपनमीडियाव्हॉल्ट आपल्या नोंदींवरून ती फाइल पुन्हा लिहितं आणि तुमचा बदल उडतो. बदल ब्राउझरमधूनच करा, आणि सेव्हनंतर वर पिवळी पट्टी येते तिच्यातली बरोबरची खूण दाबा. "सेव्ह केलं तरी होत नाही" या फोनला आमचं पहिलं उत्तर तेच असतं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर बिनपासवर्डचे शेअर (नेटवर्कवर दिलेले फोल्डर) बऱ्याचदा उघडत नाहीत, म्हणून आम्ही प्रत्येकाला पासवर्ड देतो. कटकट वाटेल, पण तशीच ठेवा.

गुरुवारी लाइट जाते तिथे यूपीएस घ्याच. इन्व्हर्टरवर येताना मशीन रीस्टार्ट होत असेल तर तो पुरेसा नाही.

येताना सीपीयू, सगळ्या डिस्क (कुठली कुठल्या केबलला होती ते चिकटपट्टीवर लिहून), युजरची यादी आणि कॉपीची डिस्क आणा. मॉनिटर, कीबोर्ड घरीच राहू द्या. जुनी डिस्क कॉपी पडताळल्यावर तुम्हालाच परत मिळते; नवीन सिस्टिम महिनाभर वापरून बघेपर्यंत ती पुसू नका.