‘टेन्शन’पासून दवाखान्यापर्यंतची वाट

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या एका पाहणीत नैराश्य असलेल्या माणसांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी उपचारासाठी मदत घेतली होती. तिथे ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालवला गेला आणि दीड वर्षाने पुन्हा पाहणी झाली. तेव्हा हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलेलं होतं. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले होते. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. पण मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट होतं तेव्हा तिथे काय केलं गेलं, हे समजून घ्यायलाच हवं.

गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या लोकांशी बोलायच्या आणि सुरुवातीचा मानसिक आधार द्यायच्या. त्यापुढे समुपदेशक, आणि गरज असेल त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ. अशा रचनेत ओळखीची बाई ओट्यावर बसून झोपेची, भुकेची चौकशी करते, तेव्हा ‘वेड्याच्या डॉक्टरकडे जाणं’ हा डोंगर पहिल्याच पावलाला चढावा लागत नाही.

आपल्याकडे हा डोंगर भाषेतच उभा आहे. येरवडा आणि ठाणे ही गावांची नावं, पण कुणाला ‘येरवड्याला पाठवा’ म्हटलं की सगळ्यांना अर्थ कळतो. झोप उडालेल्या, कामात मन न लागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयाची भिंत येते. वास्तविक नैराश्याचे बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी जातात. भिंतीच्या भीतीने माणूस मनाचं बोलतच नाही. तो सांगतो ते शरीराचं: डोकं जड आहे, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही. मग ईसीजी निघतो, पित्ताच्या गोळ्या मिळतात, सलाईन लागतं आणि महिने जातात. या तक्रारी खोट्या नसतात, नैराश्य शरीरातूनही बोलतं. म्हणून तपासण्या ठीक येऊनही त्रास राहिला, तर डॉक्टरांना झोप आणि मनःस्थितीबद्दल आपणहून सांगावं.

नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटला का, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, एकाग्रता वगैरे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलायला हवं. हे निदान नव्हे. पण ‘मला वेड लागलंय का’ या प्रश्नापेक्षा ‘माझी बेरीज १४ आली’ हे सांगणं कितीतरी सोपं जातं.

कलंक घालवण्यासाठी ‘हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे’ असं सांगण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परिणाम मिश्र. अशा स्पष्टीकरणाने रुग्णाला दोष देणं थोडं कमी होतं, पण ‘म्हणजे हा कधीच बरा होणार नाही’ ही समजूत बळावते. प्रौढांच्या बाबतीत जास्त उपयोगी ठरतो तो प्रत्यक्ष संपर्क: आजारातून सावरलेला माणूस समोर बसून स्वतःबद्दल बोलतो तेव्हा. पोस्टर आणि भाषणांवर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा अशा भेटींकडे वळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, हाही एक गैरसमज. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्के रुग्णांची पीएचक्यू-९ बेरीज १०च्या खाली आली होती. हा उपचार न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. उपचाराचं सूत्र असं: उदास माणूस एकेक काम सोडतो, त्यामुळे आनंदाची आणि ‘मला जमलं’ वाटण्याची कारणं आटतात, उदासी वाढते. हे चक्र कृतीपासून उलटं फिरवायचं. दिवसभराची नोंद ठेवायची, कुठल्या वेळी मन जरा हलकं होतं ते पाहायचं आणि एक छोटं काम वेळ ठरवून करायचं, जसं सकाळी सातला अंगणात बसून चहा. चुकतं ते दोन ठिकाणी. पहिलंच काम फार मोठं निवडलं जातं, किंवा ‘बरं वाटलं की करेन’ म्हणून थांबलं जातं. बरं वाटणं कामाच्या मागून येतं.

औषधांना सगळ्यात मोठा अडथळा ‘सवय लागेल’ या भीतीचा. इथे दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी कधीच घेऊ नये. नैराश्याच्या सर्ट्रालिन, एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. पण त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होऊ शकतं, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, गुण मात्र यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, त्यामुळे नेमक्या याच काळात गोळ्या सुटतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात.

घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ म्हणू नये. ‘बरेच दिवस झोप नाही तुला, चल, दाखवून येऊ, मी येतो सोबत’ एवढं पुरे. आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कधी चालू असतो ते आधी विचारून ठेवावं आणि जाताना जुने कागद, चालू गोळ्या घ्याव्यात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखणं बंधनकारक केलं आहे. लग्न किंवा नोकरीच्या काळजीने थांबलेल्यांना हे मुद्दाम सांगायला हवं.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो सरळ विचारावा, विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, माणसाला एकटं सोडू नये, कीटकनाशकांचे डबे घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.