फाटलेला स्नायू आणि बापाचा खांदा

3 ऑगस्ट 1992. बार्सिलोना ऑलिंपिकमधली 400 मीटरची उपान्त्य फेरी. ब्रिटनचा डेरेक रेडमंड जोरात सुटला होता. शेवटची रेषा 250 मीटरवर असताना त्याचा हात झटकन मांडीमागे गेला. दोन-तीन लंगड्या उड्या, आणि तो गुडघ्यावर बसला. हॅमस्ट्रिंग फाटला होता.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागच्या तीन स्नायूंचा गट. बैठकीच्या हाडापासून निघून तो गुडघ्याखाली जातो. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हे स्नायू ताणले जातात आणि त्याच क्षणी त्या पायाला आवरायचं कामही त्यांच्याकडेच असतं. लांब होता होता जोर लावायचा! पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हा भार सर्वाधिक असतो, आणि बहुतेकदा फाटतो तो बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फिमोरिस.

फाटलेल्या जागी आधी रक्त साकळतं, सूज येते. मग साफसफाई करणाऱ्या पेशी मेलेले तंतू उचलतात, सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवे तंतू घडवतात. पण मधली फट व्रणाच्या ऊतीने सांधली जाते, आणि ती मूळ स्नायूसारखी लवचीक नसते. म्हणून फिजिओ ताण हळूहळू वाढवत नेतात. घाई केली की पुन्हा दुखावण्याची भीती असतेच.

मला मात्र जास्त महत्त्वाची वाटते ती मेंदूची बाजू. स्नायू भरून आला तरी मेंदू तो क्षण विसरत नाही. पूर्ण वेगाने पाय टाकायची वेळ आली की पाऊल आपोआप आखडतं. याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे, ती शरीराची राखण आहे. डेरेकला हे नवं नव्हतं. 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला टाचेमागच्या अकिलिस टेंडनने दगा दिला आणि शर्यतीच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. शस्त्रक्रिया झाल्या, आणि 1991 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 4×400 मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत तो होता.

जवळच्या माणसाने या भीतीत नेमका काय फरक पडतो? 2006 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि घोट्याला विजेचा सौम्य झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याची सूचना देणारी मेंदूतली केंद्रं बरीच शांत राहिली. अनोळखी हाताने तेवढा फरक पडला नाही. प्रयोग खेळाडूंवरचा नव्हता, पण दुखापतीनंतर पहिल्यांदा पळायला उभ्या राहिलेल्या पोराशेजारी बाप का हवा, हे मला त्यातून उमगतं.

बार्सिलोनात त्या दिवशी डेरेकचे वडील जिम रेडमंड सुरक्षारक्षकांना बाजूला सारून ट्रॅकवर उतरले. आधी त्यांनी मुलाला सांगितलं, ही शर्यत पूर्ण करायलाच हवी असं नाही. तो म्हणाला, करायचीच आहे. मग आपण मिळून करू, असं ते म्हणाले. थांबायची मोकळीक आधी आणि आधार नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जखमी मुलाला ‘चल, ऊठ’ म्हणणारे पुष्कळ असतात.

नोंदीत डेरेकची ती शर्यत अपूर्णच आहे, कारण त्याने मदत घेतली. चित्रफीत पाहताना माझी नजर दर वेळी जिम यांच्या पायांकडे जाते. अधिकारी जवळ आले की ते हाताने त्यांना दूर सारतात, पण मुलाला ओढत नाहीत. तो जेवढं पाऊल टाकेल, तेवढंच ते टाकतात.