'घर बंद' या शेऱ्यापुढे

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या धारूर किंवा वडवणी तालुक्यात पाहणीसाठी गेलेल्या माणसाला दारोदारी कुलपे दिसतात, कारण घरातली माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. एखाद्या ओसरीवर आजी आणि शाळेसाठी मागे ठेवलेला नातू भेटतो, आणि 'कारखान्याला गेलेत, पाडव्याच्या पुढं येतील' एवढेच उत्तर मिळते. फॉर्मवर 'घर बंद' असा शेरा पडतो.

एकदाच केलेल्या पाहणीतून किती कुटुंबे कर्जात आहेत हे कळते. पण तीच कुटुंबे वर्षानुवर्षे कर्जात राहिली, की काही सुटली आणि त्यांच्या जागी दुसरी अडकली, हे त्याच माणसांकडे पुन्हा गेल्याशिवाय समजत नाही. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ मुलांचा मागोवा त्यांच्या म्हातारपणापर्यंत घेतला गेला. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांची माहिती घेतली आणि २०११-१२ मध्ये त्यांतली सुमारे ८३ टक्के पुन्हा गाठली. एवढ्या मोठ्या देशात हे फार मोठे काम आहे. तरीही अशा अभ्यासांत हातून सुटणाऱ्यांत घर सोडावे लागलेली माणसे बरीच असतात, आणि ती वगळून काढलेली सरासरी परिस्थिती आहे त्याहून बरी दाखवू शकते.

ही गळती शाळा, रेशन आणि आरोग्य केंद्राच्या नोंदी जोडून भरून काढावी, असे सुचवले जाते. त्याचे शास्त्र जुने आहे. फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन नोंदींतल्या प्रत्येक जुळणीला वजन दिले जाते: दुर्मीळ गोष्ट जुळली तर जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. आपल्याकडे जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे गुरुजींनी १ जून लिहिला, त्यामुळे ती तारीख जुळल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. शाळेतला ज्ञानोबा रेशन कार्डावर ग्यानोबा होतो. लग्नानंतर मुलीच्या नावापुढचे वडिलांचे नाव जाते, आडनाव बदलते, आणि तिच्या माहेरच्या व सासरच्या नोंदी दोन वेगळ्या बायांच्या वाटू लागतात.

याहून खोल अडचण अशी की, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, बहुधा नवऱ्याच्या नावावर दिली जाते. मोळी बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. जे कुठेच लिहिलेले नाही, ते कितीही नोंदी जोडल्या तरी हाती लागणार नाही. तिला प्रत्यक्ष भेटून विचारावे लागेल.

म्हणून पुढच्या अभ्यासांची आखणी करताना एक फेरी श्रावणात गावी आणि दुसरी पौषात उसाच्या फडावर, मजुरांच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) व्हावी, असे मला ठामपणे वाटते. नोंदी जोडण्याची संमती त्या बाईकडूनच घ्यावी, आणि ती मुकादमासमोर घेऊ नये, कारण ज्याची उचल फिटायची आहे त्याच्यासमोर तिला 'नाही' म्हणता येत नाही. नाव-पत्ता आणि उत्तरे वेगवेगळी ठेवावीत. संशोधकाच्या हाती फक्त सांकेतिक क्रमांक जावा. आणि फॉर्मवर 'घर बंद' या रकान्याच्या जागी दोन रकाने हवेत, जे पहिल्याच भेटीत तिच्या संमतीने भरले जातील: माहेरचे गाव, आणि जिच्याकडे विचारले तर ठावठिकाणा कळेल अशा बहिणीचा किंवा नणंदेचा फोन नंबर.