न्यूयॉर्कमधील कंट्री संगीत नभोवाणी

न्यूयॉर्क शहर आणि त्याला लागून असलेला न्यू जर्सी, लाँग आयलंड व हडसन खोऱ्याचा भाग मिळून होणाऱ्या महानगर क्षेत्रात कंट्री संगीत (अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेला गायनप्रकार) पूर्ण वेळ ऐकवणारी केंद्रे साधारणतः १९६५ पासून २०२१ पर्यंत, मध्ये खंड पडत, चालली. त्यांच्याविषयी दोन परस्परविरोधी विधाने केली जातात : न्यूयॉर्क हे कंट्रीचे शहर नव्हे; आणि एके काळी अमेरिकेत सर्वाधिक श्रोते असलेले कंट्री केंद्र न्यूयॉर्कचेच होते. दोन्ही विधाने आपापल्या मापाने बरोबर ठरतात. त्यामुळे इतिहासाबरोबर श्रोतृगणनेची पद्धतही येथे पाहावी लागते.

पहिले केंद्र कोणते, याविषयी एकमत नाही. १९३० च्या दशकात गायक टेक्स रिटर यांनी आधी डब्ल्यूओआर व मग डब्ल्यूएचएन या न्यूयॉर्कच्या केंद्रांवर काउबॉय गीतांचे कार्यक्रम केले. डब्ल्यूएचएनच्या ‘बार्न डान्स’मध्ये रे व्हिटली त्यांच्या जोडीला होते. गायक व्हर्नन डॅलहार्ट यांची १९२४ मधील गाजलेली ध्वनिमुद्रणेही न्यूयॉर्कमध्येच झाली. नॅशव्हिल ही कंट्रीची राजधानी झाली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, हे अनेकदा विसरले जाते. तथापि साप्ताहिक कार्यक्रम आणि पूर्णवेळ केंद्र यांत फरक केला पाहिजे. त्या अर्थाने १९६५ मध्ये कंट्रीकडे वळलेल्या न्यू जर्सीतील डब्ल्यूजेआरझेडला (९७० किलोहर्ट्‌झ) अग्रमान देणे सयुक्तिक वाटते. १९६१ मध्ये देशभरात पूर्णवेळ कंट्री केंद्रे ८१ होती. १९६९ पर्यंत ती सहाशेवर गेली. डब्ल्यूजेआरझेड हे त्याच लाटेतले. डब्ल्यूएचएनला ‘पहिले’ म्हणणारे बहुधा परवाना न्यूयॉर्क शहराचा असण्यावर भर देतात.

डब्ल्यूजेआरझेडची अडचण शक्तीची होती. त्याचा प्रक्षेपक ५ किलोवॅटचा, तर डब्ल्यूएचएनचा (१०५० किलोहर्ट्‌झ) ५० किलोवॅटचा. शक्ती दहापट झाली तरी त्याच अंतरावरील क्षेत्रबल सुमारे ३.१६ पटच वाढते (दहाचे वर्गमूळ). पण लोखंडी सांगाड्याच्या इमारतींत, लिफ्ट व निऑन दिव्यांच्या खरखरीत, स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर गाणे लागते की नाही हे तेवढ्या फरकाने ठरते. १९७१ मध्ये डब्ल्यूजेआरझेडने नाव बदलून पॉप संगीत धरले. सुमारे दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९७३ मध्ये, डब्ल्यूएचएन कंट्रीकडे वळले.

डब्ल्यूएचएनचा बहर १९७५ नंतरचा, एड सॅलमन कार्यक्रम संचालक झाल्यावरचा. त्यांनी पॉप केंद्रांची शिस्त कंट्रीला लावली : मोजकीच गाणी, ठरलेल्या अंतराने पुनरावृत्ती आणि ईगल्स, लिंडा रॉनस्टॅट यांच्यासारख्या कंट्री व पॉपच्या सीमेवरच्या कलावंतांनाही जागा. या पद्धतीतली मेख अशी. सर्वांत लोकप्रिय गटात सहा गाणी ठेवली आणि तासाला त्या गटातली दोन वाजवली, तर प्रत्येक गाणे बरोबर तीन तासांनी येते. दिवसाच्या चोवीस तासांना तीनने नेमका भाग जात असल्याने ते रोज त्याच वेळेला पडते. सकाळी आठला गाडीत बसणाऱ्याला आठवडाभर तेच गाणे ऐकावे लागते आणि तो कंटाळून खुंटी फिरवतो. गटात सात गाणी घेतली की फेरा साडेतीन तासांचा होतो आणि वेळ आपोआप सरकत राहते. ली अर्नोल्ड हे तेथील नामवंत निवेदक. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरील लोन स्टार कॅफे हे कंट्रीचे गायनस्थळ, ऑगस्ट १९७८ मध्ये कंट्री गायिका डॉली पार्टन यांनी सिटी हॉलसमोर केलेले विनामूल्य गायन आणि १९८० मधील ‘अर्बन काउबॉय’ चित्रपटाने आणलेली टोप्या-बुटांची फॅशन यांचा फायदा केंद्राला झाला. तो नेमका किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

श्रोत्यांची संख्या दोन प्रकारे सांगतात. आठवड्यात एकदा तरी किमान पाच मिनिटे केंद्र लावणाऱ्यांची एकूण बेरीज म्हणजे क्यूम. कोणत्याही सरासरी पाव तासात रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी शेकडा किती जण या केंद्रावर होते, तो शेअर. सकाळी ६ ते मध्यरात्र असे सात दिवस धरले तर आठवड्यात ५०४ पाव तास होतात. समजा, क्यूम दहा लाख आहे आणि प्रत्येक जण सरासरी पाच तास, म्हणजे वीस पाव तास, ऐकतो. दहा लाख गुणिले वीस भागिले ५०४ केले की सरासरी श्रोते सुमारे ३९,७०० येतात. ऐकण्याचा वेळ आठ तासांवर गेला तर तोच आकडा ६३,५०० होतो, एकही नवा श्रोता न मिळता. लहान शहरातले पहिल्या क्रमांकाचे केंद्र शेअर मोठा मिळवूनही डोकी कमी मोजते. न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन टक्क्यांवरही ती अधिक भरतात. आठवड्याला दहा लाखांवर श्रोते असल्याचा डब्ल्यूएचएनचा दावा क्यूमचा आहे. त्याची तुलना इतर शहरांच्या शेअरशी करणाऱ्या लेखनात गोंधळ होतो.

मापनसाधनही तटस्थ नव्हते. आर्बिट्रॉन या श्रोतृगणना करणाऱ्या कंपनीच्या डायरीत (गुरुवार ते बुधवार, वय १२ व अधिक) श्रोता आठवून केंद्राचे नाव लिही. म्हणून प्रत्येक गाण्याच्या आगेमागे नाव उच्चारणे भाग पडे. नाव चुकले की ऐकणे दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याचा धोका असे. २००८ पासून न्यूयॉर्कमध्ये अंगावर बाळगण्याचे यंत्र आले, जे ध्वनीत मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत टिपते आणि वय ६ पासून मोजते. यंत्राने सर्वसाधारणपणे क्यूम वाढले व ऐकण्याचा नोंदलेला वेळ घटला. थोड्या पण चिकट श्रोत्यांवर चालणाऱ्या केंद्रांना ही अदलाबदल सोसत नाही. २०१३ नंतरचे कमी आकडे १९७० च्या दशकाशी ताडताना हे ध्यानात घ्यावे.

एफएमवर कंट्री आले ते वादातून. ८ सप्टेंबर १९८० रोजी व्हायकॉम कंपनीने १०६.७ मेगाहर्ट्‌झवरील डब्ल्यूआरव्हीआर हे जॅझ केंद्र अचानक कंट्री डब्ल्यूकेएचकेमध्ये बदलले. जॅझरसिकांनी निषेध केला, परवाना-नियामकाकडे धाव घेतली. जानेवारी १९८४ मध्ये तेथे सौम्य संगीताचे डब्ल्यूएलटीडब्ल्यू सुरू झाले. डब्ल्यूएचएनची अखेर १ जुलै १९८७ रोजी दुपारी तीनला झाली. त्या कंप्रतेवर (वारंवारतेवर) अखंड क्रीडावार्तांचे डब्ल्यूएफएएन आले. १९८३ पासून मेट्स संघाचे बेसबॉल सामने तेथून होत असल्याने क्रीडाश्रोता आधीच तयार होता. कंट्रीची जागा त्याच सुमारास एनबीसीच्या डब्ल्यूवायएनवायने (९७.१) घेतली.

पुढची हालचाल संगीतामुळे नव्हे, मालकीच्या नियमामुळे घडली. एका क्षेत्रात एका मालकाला एक एएम व एक एफएम एवढीच मुभा होती. १९८८ मध्ये डब्ल्यूएफएएनची मालक कंपनी एमिसने एनबीसीची ६६० (एएम) व ९७.१ (एफएम) ही ठिकाणे घेतली, तेव्हा आपली १०५० (एएम) व १०३.५ (एफएम) सोडणे त्याला भाग होते. सप्टेंबरात एमिसचे नृत्यसंगीत ९७.१ वर गेले आणि कंट्री, डब्ल्यूवायएनवाय हे नाव कायम ठेवून, वेस्टवूड वन कंपनीकडे १०३.५ वर आले. सर्व श्रोत्यांना खुंटी हलवावी लागली. प्रक्षेपणाला मात्र तोटा नव्हता : एम्पायर स्टेट इमारतीवरून सुमारे ६ किलोवॅट पुरतात, कारण या वर्गाच्या केंद्राला १५० मीटर उंचीवर ५० किलोवॅटची मर्यादा असते आणि अँटेना त्याहून वर गेली की शक्ती उतरवावी लागते. फेब्रुवारी १९९६ मध्ये एव्हरग्रीन या नव्या मालक कंपनीने तेथे नृत्यसंगीताचे डब्ल्यूकेटीयू आणले. ते अल्पावधीत पहिल्या क्रमांकावर गेल्याने ‘कंट्री पडले’ हा समज पक्का झाला.

त्याच डिसेंबरात बिग सिटी रेडिओने ब्रायरक्लिफ मॅनर, लाँग ब्रँच व हॅम्प्टन बेज या उपनगरांतील तीन केंद्रांवरून १०७.१ वरच एक कार्यक्रम सुरू केला. एकाच कंप्रतेचे दोन संकेत सारख्या बळाचे पोचतात तेथे आवाज फाटतो. एक स्पष्टपणे सबळ असेल तरच रेडिओ संच त्याला धरतो, आणि वेळ जुळवणे मायक्रोसेकंदांत करावे लागते. प्रक्षेपक कडेला असल्याने मॅनहॅटनच्या वाट्याला नेमके दुबळे संकेत आले. ७ ऑगस्ट १९९७ रोजी कंट्री गायक गार्थ ब्रुक्स सेंट्रल पार्कमध्ये गायले, तेव्हा शहराला सशक्त कंट्री केंद्र नव्हते. गर्दीचा ९,८०,००० हा वारंवार दिला जाणारा आकडा वादग्रस्त असून इतर अंदाज बरेच कमी आहेत. २००२ मध्ये १०७.१ स्पॅनिश संगीताकडे गेले.

क्युम्युलस कंपनीने फॅमिली रेडिओकडून ९४.७ घेऊन २१ जानेवारी २०१३ रोजी ‘नॅश एफएम’ सुरू केले. तेव्हा प्रक्षेपण न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंजच्या टेकडीवरून होई, त्यामुळे पश्चिमेला पकड चांगली व लाँग आयलंडकडे कमी. २०१९ मध्ये केंद्र एंटरकॉम कंपनीकडे गेले, नाव बदलले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथे जुने हिपहॉप आले.

या घसरणीची मीमांसा दोन प्रकारे होते. एका मते शहराची वांशिक व स्थलांतरित घडणच कंट्रीला प्रतिकूल. दुसऱ्या मते श्रोते होते, पण ते उपनगरांत विखुरलेले, आणि न्यूयॉर्कची एफएम कंप्रता इतकी महाग की दुसऱ्या संगीताला जास्त जाहिरात मिळण्याची शक्यताही बदलाला पुरेशी ठरे. दुसरे मत घटनाक्रमाशी अधिक जुळते : १९८७ व १९९६ चे बदल नव्या मालकांच्या हिशेबाने झाले. शेजारच्या फिलाडेल्फियात डब्ल्यूएक्सटीयूने (९२.५) १९८४ मध्ये धरलेले कंट्री पुढे सोडले नाही, केवळ ‘ईशान्येची अभिरुची’ या कारणाने त्याचा उलगडा होत नाही.