पीआयडी फाईल व इन्स्टन्स डिरेक्टरी

युनिक्स प्रणालींवर पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीमन, आपली ओळख आणि आपली कामाची जागा इतरांना कळावी म्हणून या दोन गोष्टी राखतो. पीआयडी फाईल ही एक छोटी मजकूर फाईल असून तिच्यात चालू प्रोसेसला कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) दिलेला क्रमांक, म्हणजे पीआयडी, लिहिलेला असतो. इन्स्टन्स डिरेक्टरी ही प्रोग्रॅमच्या एका चालत्या प्रतीची स्वतंत्र डिरेक्टरी होय. त्या प्रतीचा डेटा, कॉन्फिगरेशन, सॉकेट आणि बहुधा पीआयडी फाईलही तिच्यातच असते. एकाच यंत्रावर एका डेटाबेस सर्व्हरच्या तीन प्रती वेगवेगळ्या पोर्टवर सुखाने चालू शकतात; परंतु एकाच डिरेक्टरीवर दोन प्रती सुरू झाल्या, तर दोन्ही त्याच फाईलींमध्ये लिहू लागतात आणि डेटा दुरुस्तीपलीकडे बिघडतो. हा प्रसंग टाळणे हे या व्यवस्थेचे मुख्य काम आहे, आणि सिग्नल (थांबण्यासारखी सूचना) नेमका कोणत्या प्रोसेसला पाठवायचा हे सांगणे हे दुसरे.

फाईलीचा नमुना साधा आहे. फाईलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड, म्हणजे कोणती फाईल कोठे ठेवावी हे सांगणारे मानक, त्यानुसार क्रमांक दशमान अंकांत लिहून त्यापुढे नव्या ओळीचे चिन्ह द्यायचे असते. प्रोसेसचा क्रमांक २५ असेल तर फाईलीत दोन, पाच आणि नवी ओळ अशी तीनच अक्षरे असतात. वाचणाऱ्याने मात्र उदार असावे, म्हणजे जादा मोकळ्या जागा, आरंभीची शून्ये, शेवटी नसलेली नवी ओळ आणि पुढच्या अतिरिक्त ओळी खपवून घ्याव्यात, असेही तेथे म्हटले आहे. या फाईली पूर्वी ‘/व्हार/रन’ येथे ठेवल्या जात. या मानकाच्या २०१५ मधील ३.० या आवृत्तीने ती जागा ‘/रन’ला दिली. लिनक्सवर ‘/रन’ सहसा मेमरीतच असते, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तेथे जुन्या फाईली उरत नाहीत. डेटा डिरेक्टरीतील पीआयडी फाईलीला हा लाभ मिळत नाही, आणि पुढील बहुतेक गुंतागुंत तेथूनच उद्भवते.

सी भाषेत डिरेक्टरी तयार करण्यासाठी ‘एमकेडिर’ हे एकच आवाहन (कर्नलला केलेली विनंती, सिस्टम कॉल) पुरते आणि ते अविभाज्य असते: दोन प्रोसेसनी एकाच क्षणी ते केले तरी एकीलाच यश मिळते, दुसरीला ‘ईएक्झिस्ट’ ही त्रुटी मिळते. म्हणून डिरेक्टरी आहे का हे आधी ‘स्टॅट’ने विचारून मग ती तयार करण्याचा क्रम चुकीचा आहे, आधी तयार करायला जावे आणि ‘ईएक्झिस्ट’ आल्यास पुढची तपासणी करावी. ‘एलस्टॅट’ने ती खरोखर डिरेक्टरी आहे, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणारे नाव) नाही, तिचा मालक आपणच आहोत आणि इतरांना तिच्यात लिहिता येत नाही, एवढे पाहणे अगत्याचे आहे. परवानगी ०७०० (फक्त मालकाला सर्व अधिकार) मागितली तरी प्रोसेसचा ‘यूमास्क’ तिच्यातून आणखी काही बिट वगळू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्यानंतर डिरेक्टरी एकदाच उघडून तिच्या डिस्क्रिप्टरवरून (उघडलेल्या फाईलीला कर्नलने दिलेल्या अंकावरून) ‘ओपनॲट’ने आतील फाईली उघडल्या, तर मधल्या काळात कोणी मार्ग बदलला तरी आपण दुसऱ्याच डिरेक्टरीत जाऊन पोहोचत नाही.

पीआयडी फाईलीच्या बाबतीतही तोच नियम लागू होतो. ‘ओपन’ला ‘ओ_क्रिएट’ आणि ‘ओ_एक्सक्ल’ हे दोन ध्वज एकत्र दिले की फाईल आधीपासून असल्यास आवाहन अपयशी ठरते, आणि पाहणे व निर्माण करणे यांत फट राहत नाही. पण प्रोग्रॅम कोसळला किंवा वीज गेली तर फाईल मागे राहते आणि पुढची सुरुवात अडते. तेव्हा फाईलीतील क्रमांक वाचून ‘किल’ला तो क्रमांक आणि शून्य सिग्नल देण्याची रीत आहे, असा सिग्नल पोहोचत नाही, केवळ प्रोसेस अस्तित्वात आहे का हे कळते. ‘ईसर्च’ म्हणजे अशी प्रोसेस नाही, तर ‘ईपर्म’ म्हणजे ती आहे परंतु तिला सिग्नल पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ही तपासणी उपयोगी असली तरी अपुरी आहे, कारण क्रमांक पुन्हा वापरले जातात. लिनक्सवर त्यांची मर्यादा पूर्वापार ३२,७६८ असून ६४-बिट प्रणालींवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. मर्यादा गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते, आणि जुन्या फाईलीतील क्रमांक आज एखाद्या अगदीच वेगळ्या प्रोग्रॅमचा असू शकतो.

या अडचणीला सी भाषेत दिलेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर पोस्टग्रेस डेटाबेसच्या स्रोतात वाचायला मिळते, आणि या विषयाच्या अभ्यासकाने ते मुळातून वाचावे असेच आहे. प्रत्येक डेटा डिरेक्टरीत ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही फाईल असते. पहिल्या ओळीत मुख्य प्रोसेसचा क्रमांक, मग डिरेक्टरीचा मार्ग, सुरुवातीची वेळ, पोर्ट, सॉकेटची जागा, ऐकण्याचा पत्ता आणि शेअर्ड मेमरीच्या (अनेक प्रोसेसनी मिळून वापरायच्या मेमरीच्या) तुकड्याची ओळख अशी तिची मांडणी आहे. फाईल आधीच असेल तर सर्व्हर जुना क्रमांक वाचतो आणि तो स्वतःचा, आपल्या पालकाचा किंवा आजोबा-प्रोसेसचा असल्यास त्याकडे दुर्लक्ष करतो. हे वरवर विचित्र वाटते, पण कारण व्यवहारातले आहे: यंत्र सुरू होताना सेवा दर वेळी जवळजवळ त्याच क्रमाने चालू होतात, म्हणून मागच्या वेळचाच क्रमांक या वेळी आपल्याला किंवा आपल्याला सुरू करणाऱ्या शेलला मिळण्याचा संभव बराच असतो. ‘ईपर्म’चा अर्थही येथे वेगळा लावला आहे. सर्वसाधारण प्रोग्रॅमने त्यावरून प्रोसेस जिवंत आहे असे समजावे. पोस्टग्रेस मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या डिरेक्टरीवर चालायला मुळातच नकार देतो, त्यामुळे ज्या प्रोसेसला आपण सिग्नल पाठवू शकत नाही ती आपली प्रतिस्पर्धी असूच शकत नाही, असा निष्कर्ष तो काढतो.

एवढ्यावरही तो थांबत नाही. मुख्य प्रोसेस मारली गेली तरी तिच्या बाल-प्रोसेस काही काळ डेटा फाईलींत लिहीत असू शकतात. म्हणून नोंदवलेल्या शेअर्ड मेमरीला अजून कोणी जोडलेले आहे का हे पाहिले जाते आणि कोणी आढळल्यास सुरुवात नाकारली जाते. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून ही फाईल हाताने पुसून टाकण्याची सवय धोक्याची आहे ती याचसाठी, कारण फाईलीबरोबर ही तपासणी ज्या ओळीवर आधारलेली आहे ती ओळही जाते. चालू सर्व्हर स्वतःही साधारण मिनिटागणिक फाईल जागेवर आहे ना आणि तिच्यात आपलाच क्रमांक आहे ना हे पाहतो, आणि नसल्यास ताबडतोब बंद होतो.

फाईलीच्या असण्या-नसण्याऐवजी तिच्यावरील लॉकला (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या ताब्याला) प्रमाण मानणे ही दुसरी पद्धत, आणि नव्या प्रोग्रॅमसाठी तीच अधिक भरवशाची म्हणावी लागेल. लॉक कर्नलच्या ताब्यात असते. प्रोसेस कशीही मेली तरी ते सुटते, त्यामुळे मागे राहिलेली फाईल निरुपद्रवी ठरते. येथे लॉकची निवड महत्त्वाची आहे. ‘एफकंट्रोल’चे पारंपरिक लॉक प्रोसेसशी बांधलेले असते: प्रोसेसने ‘फोर्क’ करून आपली प्रत काढली तरी ते त्या बाल-प्रोसेसकडे जात नाही, आणि त्याच प्रोसेसने ती फाईल अन्यत्र उघडून नुसती बंद केली तरी नकळत सुटते. ‘एफलॉक’चे लॉक उघडलेल्या फाईलीशी बांधलेले असल्याने ‘फोर्क’नंतरही टिकते. फाईल उघडताना तिचा जुना मजकूर कापू नये. लॉक मिळाल्यावरच ‘एफट्रंकेट’ने फाईल रिकामी करून नवा क्रमांक लिहावा, नाहीतर दुसरी प्रत केवळ प्रयत्न करताना चालू प्रतीची नोंद पुसून टाकते. डिस्क्रिप्टर ‘ओ_क्लोएक्झेक’सह उघडावा, म्हणजे आपण चालवलेला एखादा परका प्रोग्रॅम लॉक धरून बसत नाही.

यातही एक बारीक फट उरते. एक प्रोसेस बंद होताना फाईल ‘अनलिंक’ करते, म्हणजे तिचे नाव पुसते, त्याच वेळी दुसरी जुनी फाईल उघडून लॉकची वाट पाहत असते आणि तिसरी त्याच नावाची नवी फाईल बनवते. आता दुसरी आणि तिसरी या दोघींकडेही लॉक आहे, पण वेगवेगळ्या फाईलींवर. म्हणून लॉक मिळाल्यावर ‘एफस्टॅट’ व ‘स्टॅट’ यांतील उपकरण आणि आयनोड (फाईलीचा अंतर्गत क्रमांक) हे क्रमांक जुळतात का हे पाहावे आणि न जुळल्यास पुन्हा आरंभ करावा. फ्रीबीएसडी या युनिक्सकुळातील प्रणालीच्या लिबयुटिल या लायब्ररीतील ‘पीआयडीफाईल_ओपन’ हे फंक्शन हे सारे आतल्या आत करते. लिनक्सवर ते लिबबीएसडीमार्फत मिळते. या फंक्शनची योजनाही सूचक आहे: डीमन होण्यापूर्वी फाईल उघडून लॉक घ्यायचे, म्हणजे दुसरी प्रत चालू असल्याचा संदेश वापरकर्त्याला टर्मिनलवर दिसतो, आणि क्रमांक मात्र ‘पीआयडीफाईल_राइट’ने डीमन झाल्यानंतर लिहायचा, कारण ‘फोर्क’नंतर तो बदललेला असतो. मूळ प्रोसेसने क्रमांक लिहिला जाईपर्यंत थांबावे, अशी अपेक्षा लिनक्सवर सेवा सुरू करणारी सिस्टमडीही ‘फोर्किंग’ प्रकारच्या सेवांकडून ठेवते.

वाचणाऱ्या बाजूची चूक अधिक महाग पडू शकते. रिकामी फाईल ‘एटूआय’ या मजकुराचा अंक करणाऱ्या फंक्शनने वाचली तर उत्तर शून्य येते, आणि ‘किल’ला शून्य क्रमांक दिला की सिग्नल स्वतःच्या संपूर्ण प्रोसेस-गटाला जातो, उणे एक दिला तर अधिकार असलेल्या जवळपास प्रत्येक प्रोसेसला जातो. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये याचा अर्थ जवळजवळ सारे यंत्र बंद पडणे असा होतो. त्याऐवजी ‘स्ट्रटोल’ वापरून त्रुटी, उरलेली अक्षरे आणि मर्यादा तपासाव्यात आणि एक किंवा त्याखालील क्रमांक नाकारावा. पीआयडी फाईल सामान्य वापरकर्त्याच्या मालकीची असेल आणि ती वाचून रूट सिग्नल पाठवत असेल, तर त्या वापरकर्त्याला कोणतीही प्रोसेस मारवून घेता येते. म्हणून डीमनने रूटचा अधिकार सोडण्यापूर्वीच, रूटच्या मालकीच्या डिरेक्टरीत, फाईल तयार केलेली बरी.

कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या उरलेल्या भागापासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेस-समूहात, क्रमांकांचा अर्थ त्याच्या नेमस्पेसपुरता (स्वतंत्र क्रमांक-अवकाशापुरता) मर्यादित होतो. मुख्य प्रोसेस बहुधा १ क्रमांकाची असते, आणि एकच डेटा डिरेक्टरी दोन कंटेनरना जोडली तर प्रत्येकाला फाईलीतला क्रमांक स्वतःचाच वाटतो. पोस्टग्रेसची क्रमांकाची तपासणी येथे निरुपयोगी ठरते, तर एकाच यंत्रावरील कंटेनरमध्ये ‘एफलॉक’ तरीही काम देते. क्रमांकाच्या पुनर्वापराचा प्रश्न लिनक्सने २०१९ मध्ये वेगळ्या वाटेने हाताळला: ५.१ आवृत्तीत ‘पीआयडीएफडी_सेंड_सिग्नल’ आणि ५.३ मध्ये ‘पीआयडीएफडी_ओपन’ आले, त्यामुळे एकदा मिळवलेला डिस्क्रिप्टर त्याच प्रोसेसचा राहतो. मात्र असा डिस्क्रिप्टर फाईलीत लिहून ठेवता येत नाही, म्हणून क्रमांक वाचणे आणि डिस्क्रिप्टर मिळवणे यांच्या मध्ये लॉक अजून धरलेले आहे का, हे तपासणे आजही भाग आहे.