कॅप बसवली म्हणजे दात किडायचा थांबला?

मुंबईत सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: ‘दाताला एकदा कॅप बसवली की तो दात पुन्हा किडत नाही.’

असं वाटणं स्वाभाविक आहे. सिरॅमिक, झिर्कोनिया किंवा धातूची कॅप स्वतः किडत नाहीच. रूट कॅनलनंतर ठिसूळ झालेल्या दाढेला ती चारही बाजूंनी धरून ठेवते, त्यामुळे चावताना दाढ दुभंगण्याची भीती बरीच कमी होते.

पण कॅप संपते हिरडीपाशी. तिथून खाली दात तुमचाच असतो. या सांध्यावर अन्नाचा थर साचला की त्यातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि कीड कडेने आत शिरते. कॅप चिकटवणारं सिमेंट कुठे झिजलं असेल तर तिला वाट आयतीच मिळते. त्यात रूट कॅनल झालेल्या दातात नस उरलेली नसते, म्हणून कीड वाढली तरी सहसा ठणका लागत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चुकतो, आणि माझ्या मते खरी फसगत तीच.

घरी पाहायचं तर कॅपच्या कडेने फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, फिरवा. तो अडकतो किंवा तुटतो का, वास येतो का, रोज त्याच जागी रक्त येतं का? यातलं काही असेल तर डेंटिस्टकडे एक्स-रे काढून घ्या. कॅपखालचा भाग त्यात बहुधा झाकला जातो, कडेची कीड मात्र बऱ्याचदा दिसते.