लगाश-उम्मा सीमासंघर्ष

दक्षिण मेसोपोटेमियातील (आजचा दक्षिण इराक) लगाश आणि उम्मा या दोन शेजारी सुमेरी नगरराज्यांमध्ये इ. स. पू. सुमारे २५०० ते २३५० या काळात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला संघर्ष. वादाचे मूळ गू-एदेना या सीमेवरील सुपीक पट्ट्यात आणि त्याला पाणी देणाऱ्या कालव्यांत होते. बांधावरून जुंपावी तशीच ही तंट्याची जात. फरक एवढाच, की येथे राजघराण्यांबरोबर लगाशचा निंगिर्सू व उम्माचा शारा हे देवही वादी-प्रतिवादी होते.

कीशचा राजा मेसिलिम याने पूर्वीच हद्द मोजून तेथे शिलास्तंभ उभारला होता. उम्माच्या उश याने तो उखडून लगाशच्या जमिनीत शिरकाव केला. पुढे लगाशचा राजा उर-नान्शे याचा नातू एआन्नातुम याने उम्माचा पराभव केला आणि तेथील एनाकाल्ले याच्याशी तह करून हद्दीवर कालवा खोदला. या विजयाचा चुनखडीचा ‘गिधाड स्तंभ’ तेल्लो (प्राचीन गिर्सू) येथील उत्खननात तुकड्यांच्या रूपात मिळाला असून तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या एका बाजूस ढालींची भिंत करून प्रेते तुडवत निघालेले भालाईत आणि चोचीत मुंडकी धरलेली गिधाडे आहेत, तर दुसऱ्या बाजूस शत्रूंना जाळ्यात पकडून गदा हाणणारा निंगिर्सू. तहाच्या शपथा देवांच्या अशा जाळ्यांवरच घेतल्या गेल्या, आणि दर शपथेमागे डोळ्यांत काजळ घातलेली दोन कबुतरे देवाकडे धाडली गेली.

तहामुळे उम्माला काही जमीन कसण्यास मिळाली, पण बदल्यात जवाचे देणे लागले आणि ते व्याजाने फुगत गेले. फेडणे अशक्य झाल्यावर एनाकाल्लेचा मुलगा उर-लुम्मा याने सीमेच्या कालव्याचे पाणी वळवले व स्तंभ जाळले. लगाशच्या एनमेतेनाने त्याला पिटाळले; पळताना त्याने गाढवांच्या साठ जोड्या कालव्याकाठी टाकून दिल्या. उम्माची गादी मग त्याचा पुतण्या इल याने बळकावली. हा तपशील एनमेतेनाच्या मातीच्या शंकूवरील लेखातला, म्हणजे एका पक्षकाराने स्वतःच लिहून ठेवलेली कैफियत आहे. उम्माची बाजू जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘अतिक्रमण’ कोणाचे, हे लगाशच्या शब्दावर ठरवणे धोक्याचे आहे.

शेवटचा घाव उम्माच्या लुगालझागेसीचा. उरुइनिमगिना या सुधारक राजाच्या काळात त्याने लगाशची देवळे जाळली व लुटली. त्या विध्वंसाची यादी देणारा लेखक शेवटी म्हणतो, की यात उरुइनिमगिनाचे पाप नाही. हे पाप लुगालझागेसीची देवता निसाबा हिने आपल्या मानेवर वाहावे. लुगालझागेसी पुढे उरुकचा राजा झाला आणि त्याने खालच्या समुद्रापासून (इराणचे आखात) वरच्या समुद्रापर्यंत (भूमध्य समुद्र) सत्ता सांगितली. पण अक्कदच्या सारगॉनने त्याला हरवून, मानेत खोडा अडकवून निप्पूर येथील एनलिल या प्रमुख सुमेरी देवाच्या दारात उभे केले.